पिंजरा आणि बंध

जीवदया : मासिक सदर

येरवडा हे नाव उच्चारले की पुणेकराच्या मनात प्रथम दोन उंच भिंती उभ्या राहतात. एक कारागृहाची आणि दुसरी मनोरुग्णालयाची. यांपैकी पहिल्या भिंतीच्या आतून १९३० साली गांधीजींनी आश्रमवासीयांसाठी दर मंगळवारी एकेका व्रतावर पत्र लिहिले. ती पत्रे पुढे ‘मंगलप्रभात’ या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्या कारागृहाला ते ‘येरवडा मंदिर’ म्हणत. स्वतः बंधनात असलेला माणूस बाहेर मोकळ्या असलेल्या माणसांना अहिंसेचा अर्थ समजावून सांगत होता. त्या भिंतीपासून पायी पंधरा मिनिटांच्या अंतरावर आमचे हार्डवेअरचे दुकान आहे आणि दुकानामागील इमारतीत आमचे घर. गेल्या चातुर्मासात आमच्या घरातील एका लहानशा पिंजऱ्यात जे घडले, ते या महिन्यात सांगावयाचे आहे. सांगताना संकोच वाटतो, कारण चूक माझीच होती. परंतु चूक झाकून ठेवली तर ती दुसऱ्याच्या घरी पुन्हा घडते, म्हणून लिहितो.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात नातवाने रस्त्याच्या कडेला भिजत पडलेले एक पिल्लू उचलून घरी आणले. सौ.चा प्रारंभी विरोध होता. “अहो, आपल्या घरात श्वान कसा चालेल?” हा तिचा प्रश्न अनेक जैन घरांतील ज्येष्ठांचा प्रश्न आहे आणि तो अनाठायी नाही. पण पिल्लू आजारी होते, त्याला पुन्हा पावसात सोडणे कोणालाच जमेना. आठ दिवसांचा पाहुणा कायमचा झाला आणि त्याचे नाव शेरू पडले. घरात कोणी नसताना त्याने वायरी चावू नयेत, चपला फाडू नयेत, म्हणून पिंजरा घ्यावा असे ठरले. बाजारात मिळणारा तारेचा घडीचा पिंजरा मी पाहून आलो आणि तशाच मापाचा एक ओळखीच्या कारागिराकडून करवून घेतला. जाळी दुकानातली, कडी दुकानातली, बिजागऱ्याही दुकानातल्याच. पाचशे रुपये वाचले, याचे मला त्या वेळी समाधान वाटले होते.

पर्युषणाचे दिवस होते. सकाळी साडेआठला आम्ही सर्वजण व्याख्यानाला निघालो. शेरूला नेहमीप्रमाणे पिंजऱ्यात ठेवले, पाण्याचे भांडे ठेवले, कडी लावली. गळ्यात चामड्याचा पट्टा आणि त्याला पितळी बिल्ला होता. त्या दिवशी व्याख्यानाचा विषय जीवदया हाच होता, हे नमूद करणे भाग आहे. साडेअकराला घरी परतलो तेव्हा आतून भुंकणे ऐकू आले नाही. घरघर ऐकू आली. पिंजऱ्याच्या दाराजवळ कडीखाली तारेचे एक टोक अर्धा इंच बाहेर राहिले होते. बिल्ल्याची कडी त्या टोकात अडकली होती. सुटण्यासाठी शेरूने गोल फिरून पट्ट्याला पीळ घातला होता आणि तो पीळ त्याचा गळा आवळत होता. तोंड रक्ताने माखले होते.

सौ.ने दाराच्या फटीतून दोन्ही हात आत घालून त्याला खालून उचलून धरले, तेव्हा पट्ट्यावरचा ताण सैल झाला आणि मी कात्रीने पट्टा कापला. शेरू वाचला. त्याचा वरचा एक सुळा तुटला होता, पुढच्या पायाचे नख मुळापासून निघाले होते, मानेवरची कातडी सोलवटली होती. पशुवैद्यांनी त्याला तपासताना शांतपणे विचारले, “काका, पिंजऱ्यात ठेवताना गळ्यातला पट्टा काढायचा असतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं का?” कोणी सांगितले नव्हते हे खरे. मी कोणाला विचारले नव्हते, हेही तितकेच खरे.

त्या रात्री झोप लागली नाही. तारेचे ते टोक कानशीने दोन मिनिटांत घासता आले असते. चाळीस वर्षे जाळी विकणाऱ्या माणसाला हे दुसऱ्याने सांगावे लागू नये. मग मनात आले, या चाळीस वर्षांत श्वानाच्या पिंजऱ्यासाठी जाळी न्यायला किती गिऱ्हाइके आली असतील? त्या प्रत्येकाला मी दोनच प्रश्न विचारले : किती फूट हवी, आणि बिल कोणाच्या नावे करू? त्या जाळीच्या आत कोण राहणार आहे, हे एकदाही विचारले नाही.

बंध : निरपेक्ष आणि सापेक्ष

श्रावकाच्या स्थूल अहिंसाव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ केलेले असतात : बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे प्राण्याला बांधणे, मारणे, त्याचे अवयव छेदणे, त्याच्यावर पेलण्यापलीकडे ओझे लादणे आणि त्याचे अन्नपाणी तोडणे. शेरूच्या घटनेनंतर एका अभ्यासू स्वाध्यायी बंधूंकडे मी या विषयाची विचारणा केली, तेव्हा त्यांनी आवश्यकसूत्रावरील प्राचीन चूर्णी व टीकांमधील विवेचन समजावून सांगितले. ते ऐकून मी थक्क झालो.

आपले आचार्य गृहस्थाला अशक्य ते करावयास सांगत नाहीत. घरी गाय आहे, बैल आहे, तर दावे असणारच, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी बंधाचे आधी दोन भाग केले : कारणाशिवाय केलेला आणि कारणासाठी केलेला. कारणाशिवाय बांधणे तर सर्वथा वर्ज्यच. कारणासाठी केलेल्या बंधाचेही पुन्हा दोन प्रकार आहेत. प्राण्याला हलताही येऊ नये असा घट्ट, निर्दयपणे बांधलेला बंध हा ‘निरपेक्ष’. त्याला हालचाल करता येईल असा सैल, आणि आग लागली किंवा असेच संकट आले तर तात्काळ सोडता किंवा कापता येईल अशा गाठीचा बंध हा ‘सापेक्ष’. शक्य तर श्रावकाने असेच प्राणी बाळगावे, जे बांधल्यावाचूनही राहतात, असेही तेथे सुचविले आहे.

शेकडो वर्षांपूर्वी दाव्याच्या गाठीविषयी केलेला हा विचार आजच्या तारेच्या पिंजऱ्याला जसाच्या तसा लागू पडतो. आपण पिंजरा निवडतो तेव्हा दोनच गोष्टी तपासावयाच्या असतात. आतल्या जिवाला हालचाल करता येते का? आणि संकटात तो तात्काळ मोकळा करता येतो का? माझा पिंजरा पहिल्या कसोटीला कसाबसा उतरला असता. दुसऱ्या कसोटीला तो उतरला नाही, कारण घरात कोणी नसताना शेरूला सोडविणारे कोणीच नव्हते आणि त्याला अडकविणारी वस्तू मात्र मी स्वतः त्याच्या गळ्यात ठेवली होती.

इजा कशी होते

गळा : सर्वांत घातक धोका हाच. पट्टा, बिल्ला, साखळी, छातीचा पट्टा, हौसेने बांधलेला गळ्यातला रुमाल, यांपैकी काहीही तारेत अडकू शकते. अडकलेला प्राणी घाबरून ओढतो आणि ओढल्याने फास आवळतो. हा सर्व प्रकार काही मिनिटांचा असतो. म्हणून नियम एकच : पिंजऱ्यात जाताना अंगावर काहीही नसावे. पट्टा पिंजऱ्याच्या बाहेर खुंटीवर टांगावा. बाहेर काढताना प्रथम पट्टा, मग दार, हा क्रम ठेवावा.

दात आणि जबडा : सुटका व्हावी म्हणून श्वान तार दातांत धरून ओढतो. प्रौढ श्वानाला बेचाळीस दात असतात आणि त्यांतील चार सुळे तारेवर सर्वाधिक झिजतात. सतत तार चावणाऱ्या श्वानाच्या सुळ्यांची मागची बाजू घासून पातळ होते आणि एके दिवशी सुळा मोडतो. आतील मज्जा उघडी पडली तर वेदना मोठी असते. तो दात काढावा लागतो किंवा माणसाप्रमाणे त्याची मुळापर्यंत चिकित्सा करावी लागते. दाराच्या खालच्या कोपऱ्यात फट असेल तर थूथन तेथे घुसवून जबडा अडकल्याचेही प्रसंग घडतात. बाहेरून दार दाबून पाहावे. कोपरा वाकत असेल तर वर आणि खाली अशा दोन कड्या हव्यात. घडीच्या पिंजऱ्याचे आकडे कोपऱ्यांतून निसटतात, तेथे जास्तीच्या क्लिपा लावाव्यात. जस्ताचा मुलामा किंवा रंग सोलवटलेला असेल तर ती जाळी बदलावी. जस्ताचे तुकडे पोटात गेल्यास विषबाधा होते.

पाय आणि नखे : पिल्लाच्या पिंजऱ्याला मोठ्या घरांची जाळी कधीही वापरू नये. जे घर इतके मोठे आहे की पिल्लाचे डोके त्यातून जाते, त्यात ते डोके अडकणारच. आत जाताना कान मागे दबतात, बाहेर येताना आडवे येतात. तळाला नुसती जाळी असेल तर बोटांच्या बेचक्यात तार रुतते, फोड येतात, नख अडकून उपटले जाते. तळाशी सपाट, न तडकलेला ट्रे असावा आणि त्यावर घसरणार नाही अशी चटई. ट्रे पुढे सरकला की कडेची फट उघडी पडते, म्हणून तो अडकवून ठेवावा. पावसाळ्यात येरवड्यासारख्या नदीकाठच्या भागात लोखंड लवकर गंजते. दर महिन्याला एकदा जुना सुती रुमाल पिंजऱ्याच्या आतून सर्व बाजूंनी फिरवावा. रुमाल जेथे अडकतो तेथे कानस फिरवावी. सुटलेला वेल्डिंगचा टाका हाताला लागण्याआधी रुमालाला लागतो.

ऊन आणि वीज : श्वानाला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीर थंड करतो. त्याचे नेहमीचे तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सियस असते. ते ४१ च्या पुढे गेले की जिवाला धोका. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो. गच्चीवर किंवा बाल्कनीत पत्र्याखाली ठेवलेला पिंजरा दुपारी काय होतो, हे स्वतः तेथे दहा मिनिटे बसून पाहावे. पग सारख्या चपट्या नाकाच्या जातींना हा धोका अधिक. पिंजऱ्यावर पडदा घालावयाचा असेल तर किमान दोन बाजू उघड्या ठेवाव्यात आणि पडद्याचे टोक आत लोंबू देऊ नये. लोखंडी पिंजरा कूलर, पंखा, इस्त्री यांच्या वायरींपासून दूर असावा. सोललेल्या एका वायरीने संपूर्ण पिंजऱ्यात वीज उतरते.

भय : वरील सर्व इजांचे मूळ पुष्कळदा येथे असते. पिंजऱ्यात शांत झोपलेल्या श्वानाला सहसा इजा होत नाही. घाबरलेल्या श्वानाला होते. काही श्वानांना एकटेपणा सहनच होत नाही. घरी परतल्यावर पिंजऱ्याचा तळ लाळेने भिजलेला दिसणे, वाकलेल्या तारा, रक्ताळलेले नाक, ही त्याची चिन्हे आहेत. अशा श्वानासाठी अधिक मजबूत पिंजरा हा उपाय नव्हे. त्याने इजा अधिक मोठी होते. त्याला पिंजऱ्यात ठेवू नये, एखादी खोली मोकळी करून द्यावी आणि पशुवैद्यांचा सल्ला घ्यावा. दिवाळीचा प्रसंग तर विशेष लक्षात ठेवावा. भगवान महावीरांच्या निर्वाणाचा तो दिवस. आपण फटाके उडवत नसलो तरी शेजारी उडवतात. आपण लक्ष्मीपूजनासाठी दुकानात आणि श्वान घरी पिंजऱ्यात कुलूपबंद, असे त्या रात्री होऊ देऊ नये. घरातील एका व्यक्तीने त्याच्याजवळ थांबावे, खिडक्या बंद असाव्यात, पिंजऱ्याचे दार मात्र उघडे असावे.

माप, काळ आणि सवय

कापड दुकानदार गिऱ्हाइकाचे माप घेतल्याशिवाय कापड फाडत नाही. पिंजऱ्याचेही तसेच. श्वान उभा असताना डोके छताला लागू नये, त्याला सहज वळता यावे आणि चारही पाय पसरून आडवे होता यावे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी मोजून त्यात चार ते सहा इंच मिळवावेत, उंचीही तशीच. पिल्लू वाढते, म्हणून दर दोन महिन्यांनी माप पुन्हा घ्यावे. एका पिंजऱ्यात दोन श्वान ठेवू नयेत.

काळाचा हिशेब असा : पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवावा, त्याहून अधिक तास त्याला लघवी धरवत नाही. तीन महिन्यांच्या पिल्लाला फार तर चार तास, आणि तेवढेही रोज नको. प्रौढ श्वानालाही दिवसा सलग चार तासांहून अधिक कोंडू नये. कोंडण्यापूर्वी आणि नंतर त्याला फिरवून आणावे. पाणी सदैव असावे. भांडे उलटत असेल तर जाळीला अडकवता येणारे घ्यावे. पाणी न ठेवता कोंडले तर बंधाबरोबर अन्नपाननिरोधाचाही अतिचार जोडला जातो.

सवय लावताना घाई करू नये. पहिले काही दिवस दार उघडे ठेवून आत जेवण द्यावे. तो आपणहून आत बसू लागला की दार मिनिटभर लावावे, मग पाच मिनिटे, मग अर्धा तास. शिक्षा म्हणून कधीही कोंडू नये. ज्या जागी तो रागावलेल्या हातांनी ढकलला जातो, ती जागा त्याला निवारा वाटत नाही, तुरुंग वाटते. लहान मुलांनाही सांगावे की तो आत असताना काठी घालणे, पिंजरा हलविणे, आत हात घालणे नाही. ती त्याची खोली आहे.

गोदामातील राखणदार

आपला समाज व्यापारी. अनेकांची गोदामे, कारखाने, लाकडाच्या वखारी शहराबाहेर आहेत. तेथे राखणीसाठी श्वान ठेवण्याची रीत आहे. दिवसभर जिन्याखालच्या पिंजऱ्यात आणि रात्री मोकळा, असे त्याचे आयुष्य असते. मालकाने त्याला महिनोन्‌महिने पाहिलेलेही नसते. घरातील शेरूच्या तुटलेल्या सुळ्याने आम्ही सर्व हळहळलो; पण गोदामातील श्वानाचे दात कोण पाहतो? बारा तास कोंडलेला तो जीव तार चावत राहतो आणि आपण त्याला ‘कडक राखणदार’ म्हणतो.

१९६०च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम ११ मध्ये या गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. पुरेशी उंची, लांबी, रुंदी नसलेल्या व हालचालीस वाव न देणाऱ्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणे, आखूड किंवा जड साखळीने त्याला अवाजवी काळ बांधून ठेवणे, आणि नेहमी बांधलेल्या वा कोंडलेल्या श्वानाला फिरवून व्यायाम न देणे, हे अपराध आहेत. पहिल्या अपराधाचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे. व्यापाऱ्याला हा दंड किरकोळ वाटेल. परंतु आपण जो जमाखर्च मानतो, त्यात दंडाची रक्कम सरकार ठरवीत नाही.

गोदाम असणाऱ्या बंधूंना विनंती एवढीच की पुढच्या फेरीत मालाचा साठा मोजण्याआधी पिंजऱ्यासमोर पाच मिनिटे उभे राहावे. तळाला हात लावून पाहावा. पाण्याच्या भांड्यात पाणी आहे का, दुपारी तेथे ऊन येते का, चौकीदाराकडे किल्ली आहे का, हे तपासावे. शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. गोदामाला आग लागली, पिंजऱ्याला कुलूप आणि किल्ली मालकाच्या खिशात, हाच तो निरपेक्ष बंध. कुलूप लावूच नये. श्वानाला उघडता येणार नाही पण माणसाला एका हाताने उघडता येईल अशी कडी पुरेशी आहे.

अडकल्यास काय करावे

प्रथम ओढू नये. आपण ओढले की तोही उलट ओढतो. एकाने त्याच्या शरीराचा भार उचलून धरावा, म्हणजे ताण जातो. वेदनेने घाबरलेला लाडका श्वानही चावू शकतो, म्हणून डोळ्यांवरून टॉवेल टाकावा व त्याच्या तोंडापासून आपला चेहरा दूर ठेवावा. गळा आवळला असेल तर सर्वप्रथम पट्टा कापावा. पट्ट्याची किंमत पाहू नये. पाय किंवा जबडा अडकला असेल आणि तो शांत असेल तर त्या जागी खाद्यतेल चोळून हळूच मागे सरकवून पाहावे. जमत नसेल तर पायाशी झगडू नये, तार कापावी. त्यासाठी तार तोडण्याची चांगली पक्कड पिंजऱ्याशेजारीच खिळ्याला टांगलेली असावी. सुटल्यावर तो चालू-फिरू लागला तरी पशुवैद्यांना दाखवावे, कारण गळ्याच्या आतील सूज काही तासांनंतरही वाढते.

आपल्याच शब्दातील पिंजरा

ज्येष्ठांच्या मूळ प्रश्नाकडे आता वळतो. प्राणी पोसून त्यांच्या विक्रीवर धन मिळविणे श्रावकाला निषिद्ध आहे. पंधरा कर्मादानांतील असतीपोषण ते हेच. पैशासाठी श्वानांची पैदास करणे आपल्या घरात नको, यात दुमत नाही. परंतु दारी आलेल्या जिवाला आसरा देणे ही गोष्ट वेगळी आहे. जीवंधरकुमारांनी मरणासन्न श्वानाला नमस्कारमंत्र ऐकविल्याची कथा आपल्या पुराणांत आहे. आणि लग्नाच्या वरातीत निघालेल्या नेमिनाथांना माघारी फिरविले ते वाड्यांत आणि पिंजऱ्यांत कोंडलेल्या प्राण्यांच्या आक्रोशानेच.

इतिहासातही आपल्या समाजाचा आणि श्वानाचा संबंध जुना आहे. मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला आणि मारणाऱ्यांना बक्षीस लावले. शिपाई घरांतील कुत्रीही ओढून नेऊ लागले. जून १८३२ मध्ये पारशी मंडळी रस्त्यावर उतरली. हिंदू आणि जैन त्यांच्यासोबत आले, बाजार बंद झाले. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि आपले शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वखुशीने लाग बसवून त्याचा खर्च उचलला.

पांजरपोळ या शब्दात ‘पंजर’ म्हणजे पिंजराच आहे, आणि ‘पोळ’ म्हणजे वाडा. जो शब्द ऐकताच आपला हात दानासाठी खिशाकडे जातो, त्या शब्दाच्या पोटातही पिंजरा आहे. परंतु तो मारणाऱ्यापासून वाचविण्यासाठी उभारलेला. पांजरपोळाला आपण वर्षातून एकदा धनादेश देतो. घरातील आणि गोदामातील तारेचा पिंजरा मात्र रोज आपल्या डोळ्यांसमोर असतो आणि त्याकडे लक्ष जात नाही. धनादेशाइतकेच पुण्य एका कानशीने घासलेल्या टोकातही आहे, असे मला आता वाटते.

शेरूच्या मानेवर आता केस आले आहेत. सुळा गेला तो गेलाच. पिंजरा घरात आहे, पण त्याचे दार आम्ही काढून टाकले. तो दुपारी आपणहून आत जाऊन झोपतो. आम्ही बाहेर जातो तेव्हा त्याच्यासाठी आतली लहान खोली मोकळी असते आणि पट्टा खुंटीवर. दुकानात कोणी पिंजऱ्यासाठी जाळी मागितली की मी आधी विचारतो : श्वान केवढा आहे? वय किती? ठेवणार कोठे, आणि किती वेळ? दोन-तीन गिऱ्हाइके कंटाळून दुसऱ्या दुकानात गेली. एकाने मात्र तीन इंची घरांची जाळी परत करून एक इंची नेली, आणि जाताना कानसही घेतली.

गेल्या संवत्सरीला सर्वांना ‘मिच्छा मि दुक्कडम्’ म्हणून झाल्यावर मी घरी येऊन शेरूसमोर बसलो आणि त्यालाही म्हटले. त्याला ते कळले असेल, असा माझा दावा नाही. पण ज्या जिवाचा अपराध खरोखर झाला होता, तो त्या दिवशी माझ्यासमोर एवढा एकच होता.

जय जिनेंद्र.